मराठवाड्यांतील वस्तानिया शाळांचीं दाखल-खारीज रजिस्टरें

१. इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपल्याकडील संग्राहकाच्या डोळ्यांपुढें सनदा, महजर, करीने, शकावल्या आणि पत्रांचे रुमाल उभे राहतात. तालुक्याच्या गांवीं एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटांत पडलेलें, पुठ्ठा सुटलेलें, वाळवीनें कोपरे खाल्लेलें रजिस्टर हें साधन आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. तें फार अलीकडील, फार कोरडें, आणि ज्यांचीं नांवें इतिहासांत येत नाहींत अशा लोकांच्या नांवांनीं भरलेलें. परंतु ज्या काळांत निजामाच्या राज्यांतील मराठी मुलुखांत सामान्य रयतेविषयीं लिहिलेले कागद थोडे, त्या काळासंबंधानें ह्याच रजिस्टराचा प्रत्येक रकाना मोलाचा आहे. कोणाच्या घरचीं मुलें शाळेंत आलीं, कोणत्या वयीं आलीं, किती वर्षें टिकलीं, कोणत्या जमातींत अडकलीं आणि कोणत्या कारणानें गेलीं, ह्या पांच प्रश्नांचीं उत्तरें एकाच ओळींत देणारा दुसरा कागद नाहीं. ह्या लेखाचा हेतु दुहेरी आहे. औरंगाबाद (इ. स. २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर) व आसपासच्या जिल्ह्यांतील लहान सरकारी मधल्या शाळांच्या ह्या कागदांवरून विद्यार्थिवर्गाचा व त्याच्या अभ्यासांतील प्रगतीचा इतिहास कसा काढतां येईल तें दाखवावें, आणि तो काढतांना कोणत्या चुका होण्याचा संभव आहे तें अगोदर सांगून ठेवावें.

२. विद्यार्थ्यांची जातवार मोजणी ही आपल्या देशांत नवी नाहीं. मद्रास इलाख्याचा गव्हर्नर सर टॉमस मनरो ह्यानें इ. स. १८२२ च्या जून महिन्यांत सर्व कलेक्टरांकडून शाळांचे तक्ते मागविले. त्यांत ब्राह्मण, वैश्य, शूद्र, इतर जाति व मुसलमान अशी वांटणी असून मुलगे व मुली निराळे दाखविले होते. त्या तक्त्यांच्या आधारें मनरोनें इ. स. १८२६ मध्यें जें टिपण लिहिलें त्यांत १,२८,५०,९४१ वस्तीला १२,४९८ शाळा व १,८८,६५० विद्यार्थी अशी बेरीज आहे. पुढें बंगाल्यांत विल्यम ॲडम ह्यानें इ. स. १८३५ ते १८३८ ह्या काळांत तीन अहवाल केले व शिक्षक आणि विद्यार्थी ह्या दोहोंच्याही जाति नोंदविल्या. मुंबई इलाख्यांतही माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत देशी शाळांची चौकशी झाली. ह्या सर्व चौकशांचा दोष एकच: त्या एका दिवसाचें चित्र देतात. अमुक दिवशीं अमुक जातीचीं इतकीं मुलें बांकावर होतीं एवढें कळतें. तीं काल कोठें होतीं व उद्यां कोठें गेलीं तें कळत नाहीं. दाखल-खारीज रजिस्टर उलट प्रत्येक मुलाचा माग घेतें. म्हणून मनरोच्या तक्त्यापेक्षां तालुक्याच्या हेडमास्तरानें ठेवलेली वही, आंकड्यानें लहान असली तरी, इतिहासकाराला अधिक उपयोगी.

३. ज्या शाळांचीं हीं रजिस्टरें त्यांची घटना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें वसविलेली खडकी पुढें औरंगाबाद झाली. इ. स. १७२४ पासून हा मुलूख आसफजाही सत्तेखालीं आला, आणि इ. स. १७६३ मध्यें राजधानी हैदराबादेस गेल्यावर औरंगाबादेस सुभ्याचें ठाणें एवढेंच महत्त्व उरलें. गांवोगांवीं पंतोजींच्या शाळांत मोडी व हिशेब, आणि मकतबांत फारसी, असें शिक्षण चालत असे. पहिल्या सालारजंगाच्या कारभारांत, इ. स. १८६० च्या सुमारास, तालुक्यांच्या ठिकाणीं फारसी व देशी भाषेच्या सरकारी शाळा निघूं लागल्या; मराठी मुलखांत ती देशी भाषा अर्थात् मराठी. इ. स. १८८४ च्या सुमारास दरबारांत फारसीची जागा उर्दूनें घेतली. त्यानंतर शाळांची उतरंड ठरली ती अशी: खालची तहतानिया, मधली वस्तानिया आणि वरची फोकानिया. तहतानियांत मुलाच्या भाषेला जागा होती. वस्तानियाची पायरी चढतांच शिक्षणाचें माध्यम उर्दू होत असे.

इ. स. १९१७ च्या एप्रिल महिन्यांतील फर्मानानें उस्मानिया विद्यापीठाचा संकल्प झाला, इ. स. १९१९ मध्यें तेथें प्रत्यक्ष अध्यापन सुरू झालें आणि विद्यापीठाचें माध्यम उर्दू ठरलें. तेव्हांपासून वस्तानियाचें उर्दू हें सोयीचें न राहतां अटळ झालें, कारण वरची सारी वाट त्याच भाषेंतून जात होती. औरंगाबाद शहर तर त्या वेळीं उर्दू विद्येचें एक केंद्रच होतें. मौलवी अब्दुल हक हे तेथें शाळांचे इन्स्पेक्टर होते. अंजुमन-इ-तरक्की-इ-उर्दू ह्या संस्थेचें दप्तर त्यांच्याबरोबर औरंगाबादेस आलें, आणि ‘उर्दू’ नांवाचें त्रैमासिक इ. स. १९२१ पासून ह्याच शहरांतून निघूं लागलें.

४. आतां रजिस्टराचें अंग पाहूं. मुलाचें नांव, वल्दियत, कौम, सकूनत, जन्मतारीख अथवा उम्र, पूर्वीची शाळा, दाखल होण्याची तारीख व जमात, खारीज होण्याची तारीख, जमात व कारण, असे रकाने अशा रजिस्टरांत सामान्यतः असतात. लिपि उर्दू, आंकडे बहुधा फारसी वळणाचे, आणि काळ फसली. प्रत्येक रकाना बोलतो, पण प्रत्येक रकान्याची खोड निराळी आहे.

(अ) काळ. हैदराबादी फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे आक्टोबरच्या सहा-सात तारखेपासून, सुरू होतें. महिने क्रमानें आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरीवर, मेहेर व आबान. आजूरपासून डिसेंबर अखेरपर्यंत फसली आंकड्यांत ५९० व जानेवारीपासून आबान अखेरपर्यंत ५९१ मिळविले असतां इसवी सन निघतो. आजूर १३३४ म्हणजे आक्टोबर १९२४. खुर्दाद १३३४ म्हणजे एप्रिल १९२५. येथपर्यंत सोपें आहे. अडचण पुढेंच. गांवचा कुलकर्णी ज्या फसलींत लिही तें वर्ष मृगसालाचें, म्हणजे जूनच्या आरंभीं पालटणारें. जूनपासून आक्टोबरच्या आरंभापर्यंतच्या चार महिन्यांत ह्या दोन गणनांत एक वर्षाचें अंतर पडतें. फसली १३०० चा श्रावण मृगसालानें इ. स. १८९० त पडतो आणि हैदराबादी सरकारी गणनेनें इ. स. १८९१ त. बापानें गांवच्या टिपणावरून मुलाचा जन्म सांगितला आणि मास्तरानें तो सरकारी सालांत उतरवून घेतला, तर मूल एका फटक्यांत वर्षानें लहान होतें. ज्यास ‘किती वर्षांचीं मुलें पांचव्या जमातींत बसत’ हें काढावयाचें आहे त्यास ही गोष्ट सोडतां येणार नाहीं.

(आ) जन्मतारीख. हा रकाना सर्वांत व्यवस्थित भरलेला दिसतो आणि सर्वांत कमी विश्वासाचा असतो. मुंबई इलाख्यांतील व पुढें महाराष्ट्रांतील शाळांच्या रजिस्टरांत एक जून ही जन्मतारीख किती मुलांची आहे हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. शाळा जूनमध्यें सुरू होते म्हणून मास्तरानें जन्मही जूनमध्यें घातला. असा एकाच तारखेचा ढीग ज्या रजिस्टरांत दिसेल तेथें तारीख ही माहिती नसून अंदाज आहे असें समजावें, आणि वयाचा हिशेब वर्षांत करावा, महिन्यांत करूं नये.

(इ) कौम. हा शब्दच संदिग्ध आहे. त्याचा अर्थ जात, वंश, समाज व धर्म ह्यांपैकीं कोणताही होऊं शकतो. म्हणून एकाच पानावर एकापुढें ‘शेख’, दुसऱ्यापुढें ‘ब्राह्मण’, तिसऱ्यापुढें ‘मरहटा’ व चौथ्यापुढें नुसतें ‘हिंदू’ असें लिहिलेलें आढळावें ह्यांत नवल नाहीं. ‘मरहटा’ ह्या शब्दानें उर्दू लेखक कधीं जात सांगतो, कधीं केवळ मराठी बोलणारा असें सांगतो. त्यांत लिपीची भर. उर्दूंत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहींत. ‘कुणबी’ हा शब्द काफ, नून, बे, ये अशा चार अक्षरांनीं लिहिला जातो, आणि शिकस्ता वळणांत नुक्ते गळाले म्हणजे त्याच आकाराचे दोन-तीन निराळे शब्द वाचतां येतात. मोडींत लिहिलेल्या नोंदींत ‘कु॰’ असा संक्षेप आला तर तो जातीचा कीं नांवामागील उपपदाचा हें त्या पानावरील इतर नोंदींची रीत पाहून ठरवावें; कारण अलीकडील शाळांच्या वह्यांत तोच संक्षेप कुमार किंवा कुमारी ह्यांकरितां येतो. एका शब्दाचें वाचन त्या शब्दापुरतें करूं नये. त्या लेखकाच्या हातचीं शंभर नामें वाचावीं, त्याचा नून व बे ओळखावा, आणि मग एकशें-एकावें वाचावें. हा नियम फर्मानें वाचणाऱ्यांस शिकवावयास नको. तो रजिस्टरासही लागू आहे एवढेंच सांगणें आहे.

(ई) खारीज होण्याचें कारण. ‘बराबर गैरहाजर’, ‘फीस न दिल्यानें’, ‘दुसऱ्या शाळेंत’, ‘वडिलांची बदली’ अशा अर्थाच्या ठराविक शब्दांनीं हा रकाना भरतात. ठराविक शब्दांखालीं खरें कारण झांकलें जातें. परंतु तारीख झांकली जात नाहीं. ज्या दिवशीं एकदम पंधरा-वीस मुलांचीं नांवें निघतात तो दिवस कोणता, हें पाहिलें म्हणजे कारण पुष्कळदां आपोआप उघडें पडतें. ह्याचें उदाहरण पुढें येईल.

५. आतां मुख्य प्रश्न: ह्या शाळांत कोण शिकत होतें? हैदराबाद संस्थानांत तेलुगु भाषा निम्म्याच्या जवळपास लोकांची, मराठी सुमारें एक चतुर्थांशाची, कानडी व उर्दू प्रत्येकी दशांशाच्या आसपास. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत तर मराठीच घरोघर. अशा मुलखांत मधली शाळा उर्दूंत चालली म्हणजे विद्यार्थिवर्गाची गाळणी वर्गांत शिरण्यापूर्वींच झालेली असते. ज्यांच्या घरीं उर्दू बोलत अशीं शहरांतील व कसब्यांतील मुसलमान कुटुंबें, आणि ज्यांच्या घरीं सरकारी नोकरीसाठीं उर्दू-फारसी शिकण्याची पिढीजात वहिवाट होती असे ब्राह्मण व कायस्थ, ह्यांचीं मुलें त्या शाळेस जवळचीं. शेतकऱ्याच्या मुलास ती दोन अर्थांनीं दूर: भाषेनें दूर आणि कोसांनींही दूर, कारण वस्तानिया तालुक्याच्या गांवीं असे आणि त्याचें गांव पांच-दहा कोसांवर. अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांस तर दार असून नसल्यासारखें. ब्रिटिश मुलखांतही हेंच दुखणें होतें, इ. स. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना जोतीराव फुले ह्यांनीं महार-मांगांच्या मुलांस शाळेंत बसूं देत नाहींत हें स्पष्ट मांडलें होतें व बारा वर्षें वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मागणी केली होती. कोल्हापुरांत शाहूछत्रपतींनीं इ. स. १९१७ मध्यें व बडोद्यास सयाजीरावांनीं इ. स. १९०६ मध्यें सक्तीचें प्राथमिक शिक्षण आणलें. अशी सक्ति जेथें नव्हती तेथें शाळेचें रजिस्टर हें गांवचें चित्र नसून गांवांतील एका पट्टीचें चित्र आहे, हें विसरतां कामा नये. मुली तर ह्या रजिस्टरांत शोधूंच नयेत. त्यांच्या शाळा व वह्या निराळ्या.

दुसरी गाळणी शाळेबाहेर होत होती. मराठींतून शिकण्याची इच्छा असलेल्यांनीं खाजगी शाळा काढल्या. हैदराबादेस विवेकवर्धिनी इ. स. १९०७ मध्यें, औरंगाबादेस सरस्वती भुवन इ. स. १९१५ मध्यें, उस्मानाबाद जिल्ह्यांत हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा इ. स. १९२१ मध्यें निघाली. ह्याच हिप्परग्यास पुढें स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून आले. ज्या गांवीं अशी शाळा होती तेथील सरकारी वस्तानियांत मराठी मुलें कमी दिसलीं तर त्यावरून मराठी समाजास शिक्षणाची आवड नव्हती असें अनुमान काढणें म्हणजे ओढ्यास पाणी नाहीं म्हणून पाऊस पडला नाहीं असें म्हणण्यासारखें आहे. पाणी पाटानें दुसरीकडे गेलें असेल. इ. स. १९२४ च्या सुमारास खाजगी शाळांना सरकारची पूर्वपरवानगी लागेल असा निर्बंध झाला व अशा शाळांची संख्या घटली. म्हणून त्या सालाच्या आधींचे व नंतरचे सरकारी शाळेंतील आंकडे एकमेकांशीं ताडून पाहण्यासारखे आहेत. ते वाढले असल्यास ती वाढ शिक्षणाची नसून केवळ स्थलांतराची असण्याचा संभव आहे. शिवाय ज्यांना ऐपत होती तीं मुलें सरहद्दीपलीकडे अहमदनगर, पुणें, सोलापूर, बार्शी व वऱ्हाड येथें जात. तीं रजिस्टरांत ‘दुसऱ्या शाळेंत’ एवढ्याच शब्दांनीं नाहींशीं होतात.

६. प्रगतीचा प्रश्न ह्याहून अवघड. परीक्षेच्या निकालाची टक्केवारी हें सर्वांत सोपें व सर्वांत फसवें माप आहे. कारण तें परीक्षेस बसलेल्यांचेंच मोजतें, वाटेंत गळालेल्यांचें नाहीं. खरें माप गळतीचें. इ. स. १९२९ च्या हार्टॉग समितीनें ब्रिटिश हिंदुस्थानापुरता हा हिशेब केला तेव्हां असें निघालें कीं इ. स. १९२२-२३ मध्यें पहिल्या इयत्तेंत असलेल्या दर शंभर मुलांपैकीं इ. स. १९२५-२६ मध्यें चौथींत केवळ अठरा उरलीं होतीं. समितीस हा हिशेब प्रांतांच्या ढोबळ आंकड्यांवरून करावा लागला. दाखल-खारीज रजिस्टर असेल तर तो नांवनिशीवार करतां येतो. रीत अशी: एका सालांत दाखल झालेलीं सर्व नांवें एका कागदावर घ्यावीं, प्रत्येकापुढें कौम, गांव, वय व दाखल जमात मांडावी, मग त्याच नांवांची खारीज नोंद शोधून किती वर्षें व किती जमाती हें लिहावें. चार वर्षांत चार जमाती म्हणजे सरळ चाल. चार वर्षांत दोन जमाती म्हणजे मूल अडकलें. एका वर्षांत शून्य म्हणजे गळालें. ह्या तीन वर्गांची वांटणी कौमवार, गांववार व भाषावार केली म्हणजे त्या लहानशा शाळेचा खरा निकाल हातीं येतो. मुलें थोडीं असतात म्हणून शेंकडेवारी काढण्याचा मोह टाळावा. सात मुलांपैकीं तीन गळालीं असें सांगावें, त्रेचाळीस टक्के म्हणूं नये.

ह्यापुढें कारणमीमांसा. मराठी मुलगा वस्तानियांत मागें पडला तर तो बुद्धीनें, गरिबीनें कीं भाषेनें? येथें रजिस्टरास हजेरीपट व गुणांची वही ह्यांची जोड पाहिजे. जो मुलगा हिशेबांत उत्तीर्ण व उर्दूंत अनुत्तीर्ण, त्याचें दुखणें भाषेचें. जो दोहोंतही पडला व ज्याची हजेरी ज्वारी-कापसाच्या सुगींत महिना-महिना तुटलेली आहे, त्याचें दुखणें शेताचें. ज्याची हजेरी पूर्ण व दोन्ही विषय कच्चे, त्याच्याविषयीं मात्र शिक्षकास अथवा मुलास दोष देण्याचा विचार करावा. एका घरचे दोन भाऊ, एक वस्तानियांत व एक सरस्वती भुवनासारख्या मराठी शाळेंत, असे सांपडले तर त्याहून चांगली कसोटी नाहीं; जात तीच, घर तेंच, पोट तेंच, फक्त माध्यम निराळें.

ह्या कसोटीचें महत्त्व स्थानिक नाहीं. उस्मानिया विद्यापीठाच्या समर्थनार्थ अकबर हैदरी ह्यांनीं इ. स. १९१७ मध्यें जें निवेदन केलें त्याचा गाभा हाच कीं परक्या भाषेंतून शिकतांना विद्यार्थ्याची शक्ति विषयावर न लागतां भाषेवर खर्च होते. हिंदी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता व त्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. त्यासाठीं स्थापिलेल्या भाषांतर विभागानें केलेलें काम आजही अभ्यासण्यासारखें आहे. परंतु जें इंग्रजीविषयीं खरें तें मराठी मुलाच्या बाबतींत उर्दूविषयींही खरेंच होतें, आणि तेंही कॉलेजांतील तरुणाच्या नव्हे तर दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या बाबतींत. हा युक्तिवाद वर्तमानपत्रांत व परिषदांत पुष्कळ झाला. तो दोन्ही पक्षांनीं तत्त्वावर केला. त्याचा निकाल आंकड्यांवर लावण्याचें साधन त्या वेळीं ज्या कपाटांत होतें त्याच प्रकारच्या कपाटांत आजही पडून आहे.

७. खारीज होण्याच्या तारखांचें जें उदाहरण वर सांगूं म्हटलें तें असें. इ. स. १९३८ च्या नोव्हेंबरांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून चळवळ उठली व ती उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत पसरली. पुष्कळ विद्यार्थ्यांचीं नांवें काढलीं गेलीं. नागपूर विद्यापीठानें त्यांतील अनेकांना प्रवेश दिला. तेव्हां बहमन १३४८ फसलीच्या आसपास शहरांतील वरच्या शाळांच्या रजिस्टरांत नांवें एकदम तुटलेलीं आढळल्यास, कारणाच्या रकान्यांत कांहींही लिहिलेलें असो, अभ्यासकानें ह्या घटनेकडे प्रथम पाहावें. तसाच दुसरा तोड इ. स. १९४८ चा. ता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ह्या पांच दिवसांत हैदराबादची लष्करी कारवाई झाली. सरकारी गणनेनें तो आबान १३५७ फसली. त्या आधींच्या रझाकारी धामधुमींत मराठी कुटुंबें गांवें सोडून सरहद्दीपलीकडे गेलीं, व नंतरच्या अनर्थांत मुसलमान कुटुंबांवर ती पाळी आली. दोन्ही पलायनांची नोंद एकाच रजिस्टरांत, एकाच शब्दांत, ‘गैरहाजर’ अशी होते. ह्या दोन तोडांतील नांवें समोरासमोर मांडणारा अभ्यासक कोणाच्याही बाजूचा राहूं शकणार नाहीं. त्यानंतर माध्यम पालटलें, उर्दूची जागा मराठीनें घेतली, फसली जाऊन इंग्रजी तारखा आल्या. अशा रजिस्टरांत हा पालट कोणत्या पानावर व कोणाच्या हातानें झाला हें पाहणें स्वतःच एक इतिहास आहे. इतक्या शाळांचें फळ काय, तर इ. स. १९५१ च्या खानेसुमारींत हैदराबाद राज्यांत साक्षर शेंकडा सुमारें नऊ, सर्व भारताचें प्रमाण शेंकडा सोळा-सतरा असतां. ह्या पार्श्वभूमीवर डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें इ. स. १९५० मध्यें औरंगाबादेस कॉलेज काढलें आणि इ. स. १९५८ मध्यें मराठवाडा विद्यापीठ झालें. वरच्या पायरीवर जीं मुलें पोंचलीं त्यांची संख्या कां थोडी होती ह्याचें उत्तर त्या पायरीवर नसून वस्तानियाच्या दारांत आहे.

८. हीं रजिस्टरें आज कोठें आहेत? इ. स. १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला, इ. स. १९६० त महाराष्ट्र झालें, आणि ता. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्यावर अनेक सरकारी शाळा त्यांच्याकडे गेल्या. इमारती पालटल्या, नांवें पालटलीं, व प्रत्येक पालटाबरोबर जुनें दप्तर एक कोपरा मागें सरलें. उर्दू वाचणारा कारकून निवृत्त झाल्यावर तें दप्तर मुकें झालें.

तें मुकें दप्तर अलीकडे एकदम बोलूं लागलें आहे. जातीच्या दाखल्यासाठीं अनुसूचित जातींस ता. १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ता. ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांस ता. २१ नोव्हेंबर १९६१ व इतर मागासवर्गास ता. १३ ऑक्टोबर १९६७ ह्या मर्यादा धरल्या जातात. त्यांच्या आधींची शाळेंतील नोंद म्हणजे कुटुंबाचा मोठा आधार. इ. स. १९२३ मध्यें कोणा मास्तरानें ‘कौम’च्या रकान्यांत घाईनें लिहिलेला शब्द शंभर वर्षांनीं त्या मुलाच्या पणतवाचें कॉलेज ठरवितो. इ. स. २०२३ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली व निजामकालीन कागदांतील कुणबी नोंदींचा शोध आरंभिला. त्या ऑक्टोबर अखेर पावणेदोन कोटींच्या घरांत कागद तपासून ११,५३० नोंदी मिळाल्याचें सरकारनें सांगितलें. त्या वादांत शिरण्याचें ह्या लेखाचें काम नाहीं. परंतु वर कौमाविषयीं जें लिहिलें त्यावरून एवढें उघड आहे कीं अशा नोंदीचें वाचन हा विद्वानांचा खेळ राहिलेला नाहीं. एका नुक्त्याच्या चुकीनें एका कुळास हक्क मिळेल किंवा जाईल.

न्यायालयेंही ह्या कागदांकडे आपल्याच दृष्टीनें पाहतात. बिरादमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित ह्या इ. स. १९८८ च्या निवाड्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं शाळेच्या रजिस्टरांतील जन्मतारखेस, ती कोणी व कशाच्या आधारें सांगितली हें सिद्ध झाल्यावांचून, पुराव्याचें मोल नाहीं. म्हणजे जो प्रश्न इतिहासकार बखरीस विचारतो, ‘तुला हें कोणी सांगितलें?’, तोच प्रश्न न्यायाधीश हेडमास्तरास विचारतो. शिवाय इ. स. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत जुन्या कागदास जें विशेष मोल दिलें होतें तें तो कागद योग्य ताब्यांतून आलेला असल्यासच, इ. स. २०२४ च्या जुलैपासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली असली तरी हें तत्त्व कायम आहे.

९. येथें आपल्या संग्राहक-बंधूंस एक गोष्ट स्पष्ट सांगणें भाग आहे. रद्दीच्या दुकानांत अथवा पडक्या शाळेंत असें रजिस्टर दिसलें तर तें घरीं आणून जतन करावें ही बुद्धि स्वाभाविक आहे, आणि सनदेच्या बाबतींत ती योग्यही ठरली. आपल्या संग्रहांतील अर्धें वैभव त्याच बुद्धीनें वांचलें. परंतु रजिस्टराची गोष्ट निराळी. सनद आपल्या शिक्क्यानें व अक्षरानें स्वतःची साक्ष देते. रजिस्टराची साक्ष तें ज्या कपाटांत आहे तें कपाट देतें. तें शाळेच्या ताब्यांतून एकदां निघालें कीं इतिहासाच्या दृष्टीनें त्याचें अर्धें व कायद्याच्या दृष्टीनें बहुतेक सर्व मोल गेलें. सुटें पान काढून आणणें तर पापच, कारण क्रमांकांची सांखळी तुटली म्हणजे मागाहून घातलेली नोंद व मूळची नोंद ह्यांत भेद करण्याचा उपायच राहत नाहीं.

म्हणून काम करावें तें असें. रजिस्टर जेथें आहे तेथेंच राहूं द्यावें. मुख्याध्यापकाच्या समक्ष पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कोरीं पानें धरून, छायाचित्रें घ्यावीं. पानांची संख्या, शाईचे पालट, खाडाखोड व लेखकाचे हात ह्यांची यादी करून ती एक प्रत शाळेंत व एक संशोधन संस्थेंत ठेवावी. वाचनास दोघे बसावे, एक उर्दू जाणणारा व एक त्या तालुक्यांतील आडनांवें व गांवें जाणणारा, कारण उर्दूंत लिहिलेलें मराठी आडनांव एकट्या उर्दूनें उलगडत नाहीं व एकट्या मराठीनें तर नाहींच. छापतांना मुलांचीं नांवें छापूं नयेत; त्यांचे नातू-पणतू हयात आहेत, आणि अनुमानास नांवाची गरज नाहीं, ओळीची आहे. जिल्ह्यांतील पांच शाळांचीं रजिस्टरें अशा रीतीनें उतरलीं तरी वस्तानियांतून कोणत्या घरचीं मुलें पार झालीं व कोणत्या घरचीं गळालीं ह्याचा पहिला विश्वसनीय तक्ता तयार होईल. शिकस्ता सहज वाचणारी पिढी आतां थोडी उरली आहे, आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीं.